बाईंचं जपानी

परवा रविवारी सकाळी भाजी घेऊन परतताना एका कॉलेजच्या फाटकाबाहेर मुलांची गर्दी दिसली. अंगात स्वेटर, हातात पारदर्शक पाऊच, पाऊचमध्ये टोक केलेल्या चार-चार पेन्सिली आणि खोडरबर. एक मुलगी भिंतीला टेकून, डोळे मिटून ओठ हलवत होती. ती क्रियापदांची रूपं म्हणते आहे हे मला रस्त्याच्या पलीकडूनही कळलं. जपानी भाषेची परीक्षा. डिसेंबरातल्या एका रविवारी ती असते आणि त्या दिवशी निम्मं पुणं जपानी शिकतं की काय असं वाटतं. फाटक उघडलं, मुलं आत गेली, रस्ता रिकामा झाला. मी मात्र मेथीची जुडी हातात धरून तिथेच उभी राहिले. मला भिडे बाईंच्या खोलीतला हिवाळा आठवत होता. बारा वर्षं झाली त्याला.

कर्वे रोडच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर बाई जपानी शिकवायच्या. तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. आम्ही पाच-सहा जण होतो. बहुतेक आयटीतले, परदेशी जायची घाई असलेले. मी चाकणच्या एका कारखान्यात कनिष्ठ अनुवादक होते आणि वरच्या पातळीच्या परीक्षेत दोनदा नापास झाले होते. दोन्ही वेळा श्रवणात. लिहिलेलं सगळं कळायचं, पण टेपवरची माणसं बोलायला लागली की दुसऱ्या वाक्यापर्यंत माझा धीर सुटायचा.

बाईंना ‘सेन्सेई’ म्हटलेलं चालत नसे. "मराठीत ‘बाई’ हा शब्द आहे ना? मग कशाला उगाच," असं म्हणायच्या. पहिल्या आठवड्यात मी येरवड्याहून बस बदलत बदलत दहा मिनिटं उशिरा पोचले, तर दारातच म्हणाल्या, "आलात? बरं झालं. आम्ही दहा मिनिटं आपल्याविना कशीबशी काढली." त्यानंतर मी कधी उशीर केला नाही.

ऑक्टोबरच्या मध्याला त्यांनी कपाटातून एक सीडी काढली. पांढऱ्या कागदी पाकिटावर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘श्रवण – ३’. आत एक जुना जपानी चित्रपट होता, काळा-पांढरा, मधूनमधून पडद्यावर पाऊस पडल्यासारख्या रेघा. त्याचं नाव बाईंनी आम्हाला कधी सांगितलं नाही. खाली इंग्रजी ओळी नव्हत्या. दर तासाला फक्त दहा मिनिटं दाखवायच्या. खिडक्या बंद करून घ्यायच्या, कारण खालून ओरडत जाणाऱ्या भंगारवाल्याचं आणि चित्रपटातल्या हळू बोलणाऱ्या माणसांचं पटत नसे.

गोष्ट एका नदीकाठच्या गावातली. बाप नावाडी. तरुणपणी त्याला समुद्रावर जायचं होतं, मोठ्या जहाजावर कप्तान व्हायचं होतं. आता तो माणसांना, सायकलींना आणि कधीमधी एखाद्या म्हशीसारख्या दिसणाऱ्या बैलाला या काठावरून त्या काठावर नेतो. नदीवर पूल बांधला जातोय. प्रत्येक दृश्यात मागे तो पूल थोडा थोडा पुढे सरकलेला दिसतो आणि घरातलं कोणीही त्याच्याबद्दल एक अवाक्षर काढत नाही. धाकटा मुलगा रेडिओवर गायला म्हणून शहरात जातो आणि तीन महिन्यांत परत येतो. येताना पायात नवे बूट असतात, बाकी काही नाही. बाप विचारतो, "बूट घट्ट होत नाहीत ना?" मुलगा म्हणतो, "नाही." त्या दोन वाक्यांत त्याचं सगळं गाणं संपतं. आणि थोरली मुलगी फुमी. तिला शहरातल्या अध्यापक विद्यालयात जागा मिळाल्याचं पत्र येतं, त्याच आठवड्यात आई आजारी पडते. फुमी पत्र दोनदा वाचते, घडी घालते, शिवणाच्या खणात ठेवते आणि ओट्याशी जाऊन तांदूळ धुवायला लागते. कॅमेरा तिच्या पाठीकडे बघत बसतो. बराच वेळ. फक्त तांदूळ धुतल्याचा आवाज.

इथे बाईंनी चित्रपट थांबवला आणि विचारलं, "काय ऐकलंत?"

माझ्या शेजारी अथर्व नावाचा मुलगा बसायचा. तो म्हणाला, "बाई, पण इथे डायलॉगच नाहीये."

"मी संवाद विचारला का? काय ऐकलंत, ते विचारलं."

बाईंनी तेवढा भाग पुन्हा लावला. मग पुन्हा. तिसऱ्या वेळी मला ऐकू आलं की तांदूळ धुण्याची लय सुरुवातीला भराभर आहे, मध्ये एकदा तुटते आणि नंतर सावकाश होते. तेवढ्यात त्या मुलीनं काहीतरी ठरवून टाकलेलं असतं. मी ते बाईंना सांगितलं. बाई फक्त म्हणाल्या, "हं. आता तू पास होशील." त्यांच्या तोंडून एवढं कौतुक ऐकलेली वर्गात मी एकटीच होते.

मी त्या चित्रपटाच्या प्रेमात पडले. आमच्या घरी सिनेमा म्हणजे रविवारी टीव्हीवर लागणारा. त्यात रडायचं असलं की माणसं रडायची आणि चिडायचं असलं की ताट फेकायची. इथे माणसं आपलं सगळं आयुष्य हातातून निसटताना बघत होती आणि एकमेकांना चहा देत होती. आणि तरी कोणी कोरडं नव्हतं. बाप रोज संध्याकाळी होडी किनाऱ्याला बांधल्यावर तिच्या काठावरून एकदा हात फिरवायचा. ज्यानं कुणी हे दाखवायचं ठरवलं असेल त्याला माणसांचं किती कळत असेल, असं मला बसमध्ये येता-जाता वाटत राहायचं.

शेवटचा भाग आम्ही परीक्षेच्या दहा-बारा दिवस आधी बघितला. आई बरी झाली आहे. दोरा शोधायला ती शिवणाचा खण उघडते आणि पत्र तिच्या हाती लागतं. ती ते वाचते, तसंच्या तसं ठेवते, खण बंद करते. मग दाराशी येऊन अंगणातल्या मुलीला जेवायला बोलावते. बोलावणं अगदी साधं. पण बाईंनी तिथेच चित्रपट थांबवला. "क्रियापद बघा. मुलीला बोलावताना तिनं कुठलं रूप वापरलं?"

आदरार्थी रूप होतं. पाहुण्याला वापरतात तसं. पूर्ण चित्रपटभर मुलीशी अरे-तुरेत बोलणारी आई शेवटच्या वाक्यात तिला म्हणते, आपण जेवायला चलावं.

"का?" बाईंनी विचारलं.

अथर्व म्हणाला, थट्टेनं. दुसरं कोणी म्हणालं, अंगणात पाहुणे असतील. मी म्हटलं, जुन्या काळी बोलत असतील तसं. बाईंनी तिन्ही उत्तरं फळ्यावरून पुसावीत तशी हातानं पुसली आणि म्हणाल्या, "विचार करा." उत्तर त्यांनी सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात आमची आई पडली. थंडीच्या गोधड्या काढायला ती स्टुलावर चढली होती. मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन होऊन हाडाला धातूची पट्टी बसवली आणि डॉक्टरांनी तीन महिने अंथरूण सांगितलं. दादा नोकरीनिमित्त बंगळूरला. घरी मी आणि पप्पा. पप्पा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. खडकवासल्याला पाण्याची पातळी वहीत लिहिण्यात त्यांची नोकरी गेली होती. धरणातलं पाणी त्यांना डोळ्यांनी मोजता यायचं, पण कुकरमध्ये किती घालायचं ते माहीत नव्हतं.

आई दवाखान्यातून घरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मला कंपनीकडून पत्र मिळालं. जपानमधल्या मुख्य कारखान्यात एक वर्षाचं प्रशिक्षण, मार्चपासून. आमच्या विभागातून एकच नाव गेलं होतं, माझं. ते पत्र मी पर्समधून घरी आणलं आणि कपाटात, साड्यांच्या खाली अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली सरकवलं. मग स्वयंपाकघरात जाऊन भाताचा कुकर लावला. आपण काय करतोय हे मला त्या वेळी सुचलंसुद्धा नाही. कारखान्यात होकार कळवायला आठवडाभराची मुदत होती.

पुढच्या तासाला मी बाईंना वर्ग सुटल्यावर सांगितलं, की असं असं पत्र आलंय आणि मी जाणार नाही. त्या सीडी पाकिटात घालत होत्या.

"घरच्यांनी नको म्हटलं?"

"नाही."

"मग?"

"कुणी काहीच म्हटलं नाही. म्हणजे मी दाखवलंच नाही अजून. पण आईला असं सोडून कसं जाणार? पुढच्या वर्षी बघीन."

बाईंनी चष्मा काढला. "मलाही कुणी काही म्हटलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "मला शिष्यवृत्ती मिळाली होती. दोन वर्षांची. तिकीटही निघालं होतं. सासूबाई अंथरुणाला खिळल्या. आमच्या घरात सगळी समजूतदार माणसं. जाऊ नकोस असं एकानंही म्हटलं नाही. मी आपली बॅग उघडली आणि कपडे परत कपाटात लावले. सहा वर्षं होत्या त्या. मग मुलं झाली, मग राहूनच गेलं."

बाई कधी जपानला गेलेल्याच नाहीत हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. त्यांच्या काचेच्या कपाटात जपानी बाहुल्या होत्या, पंखे होते, देवळांचे छोटे ताईत होते. त्यातली एकेक वस्तू विद्यार्थ्यांनी तिकडून येताना आणलेली होती.

"ही फुमी मला फार आवडायची," बाई पाकिटाकडे बघत म्हणाल्या. "तरुणपणी हा सिनेमा पाहिला तेव्हापासून. माझीच बाजू कोणीतरी मांडली असं वाटायचं. हल्ली मी आईकडे बघते. तिनं पत्र वाचलं आणि खण बंद केला. मग मुलीला ‘आपण’ म्हणाली. का, ते तुमच्यातल्या एकालाही सांगता आलं नाही."

"का म्हणाली?"

"लाज वाटली तिला. मुलीनं आपल्यासाठी काय टाकून दिलं ते कळलं, आणि नेहमीसारखं बोलता येईना पोटच्या पोरीशी." त्यांनी चष्मा घातला. "परवा जुन्या टेप लावणार आहे. पाच म्हणजे पाचला ये."

घरी पोचेपर्यंत मी ठरवलं होतं की आईला विचारायचं. पण घरात शिरले की नेहमीचंच सुरू झालं. औषधं, भांडी, पप्पांनी फोडणीत जाळलेला लसूण. असे दोन दिवस गेले. परीक्षेच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, मी आईचे केस विंचरत होते. खिडकीतून ऊन तिच्या पांघरुणावर आलं होतं. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"त्या कागदात काय लिवलंय?" तिनं विचारलं. आई वाघोलीच्या पलीकडच्या गावची. लग्नानंतर इतकी वर्षं शहरात राहूनही तिची बोली गेली नव्हती.

"कुठल्या कागदात?"

"कपाटातल्या. साड्यांखालच्या. माझी शाल काढायला तुझ्या पप्पांना धाडलं होतं, त्यांना घावला. त्यांनी वाचून दावला मला. चार दिस झाले. ते म्हणले, पोरगी आपणहून सांगंल. मी म्हणलं, न्हाई सांगायची. माझीच हाय ती."

माझा हात थांबला. "पुढच्या वर्षी जाईन ना, आई."

"फुडच्या वर्षी तुला कोण बोलावतंय? आणि तू राहिल्यानं माझं हाड लवकर जुळणार हाय व्हय? त्याची तारीख डॉक्टरनं दिलीय. तुला न्हाई विचारलं त्यानं."

"तू जा म्हणाली नाहीस," मी म्हटलं. खरं तर मीच तिला काही सांगितलं नव्हतं. तिनं काय म्हणायचं होतं? पण माझ्या तोंडून तसंच आलं, आणि थोडं रागानं आलं.

आईनं मोठ्या कष्टानं मान माझ्याकडे वळवली.

"आता म्हणते," ती म्हणाली. "जा."

बाहेरच्या खोलीत पप्पांनी टीव्हीचा आवाज एकदम मोठा केला. ते दाराशी उभे राहून ऐकत होते आणि आता ऐकत नव्हतो असं दाखवायचं होतं त्यांना.

दुसऱ्या दिवशी परीक्षेत टेप सुरू झाली तेव्हा मी अगदी स्वस्थ होते. श्रवणात मला वर्गात सगळ्यांत जास्त गुण मिळाले. सोमवारी कारखान्यात होकार दिला. गावाकडून मावशी दोन महिन्यांसाठी येऊन राहिली. पप्पा भाकरी करायला शिकले. पहिल्या आठवड्यातल्या भाकरीला मावशी धरणाचा नकाशा म्हणायची. मी निघाले तेव्हा आई वॉकर धरून दारापर्यंत आली होती.

तो चित्रपट मी नंतर बाईंकडे पुष्कळदा पाहिला. दर वेळी वाटतं, त्या आईच्या जागी बोलणारी कोणी असती तर गोष्टच उरली नसती. आणि दर वेळी हेही वाटतं की ती गोष्ट तशी संपते म्हणूनच बाई ती इतकी वर्षं दाखवत राहिल्या. न बोललेलं ऐकायला शिकवायचं तर न बोलणारी माणसंच दाखवायला हवीत. आमच्यासारख्या कितीजणांचे कान त्या दहा-दहा मिनिटांनी तयार झाले असतील.

बाई आता पंचाहत्तरीच्या आहेत. वर्ग अजून चालतो, आठवड्यातून दोनदाच. त्यांना जपानला न्यायचं म्हणून आम्ही जुने विद्यार्थी दोनदा त्यांच्याकडे गेलो. पहिल्या वेळी त्यांनी गुडघ्याचं कारण सांगितलं. दुसऱ्या वेळी म्हणाल्या, "चहा घेणार असाल तर बसा." आम्ही चहा घेतला आणि विषय पुन्हा काढला नाही.

पण मला सांगायचंय ते तिकडचं. कारखान्याचं गाव छोटं होतं. आमच्या वसतिगृहाच्या कोपऱ्यावर हारा नावाच्या ऐंशी वर्षांच्या आजींचं टोफूचं दुकान होतं. पहिल्याच आठवड्यात मी तिथे गेले आणि दोन वड्या मागितल्या. आजींचे हात पाण्यातच थांबले.

"पुन्हा सांगा," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, चुकलं काहीतरी. मी पुन्हा सांगितलं.

"कुठून आलात तुम्ही?"

"भारतातून. पुण्याहून."

"माझी आई असं बोलायची," त्या म्हणाल्या. "ती गेल्यापासून हे बोलणं मी ऐकलं नव्हतं. इथे आता कोणी बोलत नाही असं."

तेव्हा मला उलगडा झाला. कारखान्यातली तरुण मुलं माझं बोलणं ऐकून का हसत होती तेही कळलं. बाईंनी सुरुवातीची दोन वर्षं एका जपानी शिक्षकाकडे काढली होती, आणि पुढचं सगळं त्या चित्रपटावरून उचललं होतं. नावाड्याच्या बायकोची भाषा. तिचे हेल, तिचे वाक्य संपवायचे हळुवार शब्द. तेच बाईंच्या तोंडी बसले आणि तेच आमच्या. जिथली भाषा तिथे ती केव्हाच बदलून गेली होती. बाईंनी मात्र कर्वे रोडच्या मागच्या गल्लीत ती जशीच्या तशी सांभाळली होती.

हे बाईंना कळवायला माझा जीव होईना. तुमचं जपानी जुनं झालंय, असं कोणत्या तोंडानं सांगायचं? पण हारा आजी ऐकेनात. "तुमच्या गुरूंशी मला बोलायचंय," असं रोज टोफू देताना म्हणायच्या. शेवटी एका रविवारी दुपारी मी दुकानातूनच फोन लावला. पुण्यात सकाळचे साडेआठ वाजले होते. कोण बोलणार ते सांगितल्यावर बाई म्हणाल्या, "थांब जरा, पदर नीट करते." फोनवर चेहरे दिसत नव्हते. इकडे आजींनीही एप्रनला हात पुसले आणि चटईवर गुडघे मोडून ताठ बसल्या.

आधी हवापाण्याचं झालं. मग गुडघ्यांचं. बाई सुरुवातीला शब्द तोलून बोलत होत्या, मग त्यांचा आवाज मोकळा झाला. मी फोन मध्ये धरून बसले होते आणि दोन्हीकडून एकच बाई बोलते आहे असा मला भास होत होता. आजी मधूनमधून डोळे मिटून नुसत्या ऐकायच्या. बाईंची एखादी चूक होईल अशी मला धास्ती होती, पण त्या दोघी माझ्या कितीतरी पुढे गेल्या होत्या. माझी काही गरजच उरली नव्हती.

बोलता बोलता आजींनी विचारलं, "तुम्ही इथून जाऊन किती वर्षं झाली हो?"

फोनमध्ये, मागे बाईंच्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. आजींचा गैरसमज दूर करावा म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात बाईंचा आवाज आला, स्वच्छ आणि सावकाश.

"झाली आता," बाई म्हणाल्या. "बरीच वर्षं झाली."